वेगळी चूल मांडताय? आधी कागद, मग घर

भाड्याची खोली मिळाली म्हणजे वेगळे राहणे जमले, असे होत नाही. रेशन, गॅस, घरकुल आणि वडिलोपार्जित हिस्सा यांचे कागद मागे राहिले, तर कमी उत्पन्नाच्या कुटुंबाला त्याची किंमत पुढे अनेक वर्षे मोजावी लागते. काय, कधी आणि कोणत्या क्रमाने करायचे, ते समजून घेऊ.

नेवासा तालुक्यातील घोडेगाव हे अहिल्यानगर–छत्रपती संभाजीनगर महामार्गावरचे बाजाराचे गाव. कांद्याचा आणि जनावरांचा बाजार यासाठी ते जिल्ह्याबाहेरही ओळखले जाते. बाजार भरला की हमाली, गोण्या भरणे, कांद्याची निवड, टेम्पो, चहाची टपरी, हॉटेल अशी कितीतरी कामे निघतात. हातात रोजचा पैसा येतो. पण संध्याकाळी परतायचे ते दोन खोल्यांच्या घरात. तिथे आई-वडील, दोन भाऊ, दोन सुना आणि मुले असतात.

मग एक दिवस विषय निघतो, ‘आपण वेगळे राहू.’ कधी भांडण झालेले असते, कधी नसते. अनेकदा जागाच पुरत नाही, एवढे साधे कारण असते. प्रश्न असतो पैशाचा. महिन्याला दहा-पंधरा हजारांत हे जमते का? उत्तर आहे, जमते. पण घाईने सामान हलवले तर नाही.

‘वेगळे राहणे’ म्हणजे सरकारी भाषेत काय?

आपण ‘वेगळी चूल मांडली’ म्हणतो, ते केवळ बोलण्यापुरते नाही. जनगणनेतही कुटुंबाची व्याख्या साधारण हीच आहे: एकत्र राहणारी आणि एकाच स्वयंपाकघरात जेवणारी माणसे म्हणजे एक कुटुंब. त्यामुळे एकाच वाड्यात दोन चुली पेटत असतील, तर ती दोन कुटुंबे असू शकतात.

अडचण अशी की चूल वेगळी होते, कागद मात्र एकत्रच राहतो. शिधापत्रिकेवर दहा नावे, सातबारावर वडिलांचे किंवा आजोबांचे नाव, ग्रामपंचायतीत एकच घर. सरकारी योजना कागदावरचे कुटुंब पाहते. म्हणजे भाऊ कंपनीत चांगल्या पगारावर असेल आणि तुम्ही रोजंदारीवर, तरी कागदावर त्याचे उत्पन्न तुमच्याही खात्यात धरले जाऊ शकते. म्हणून वेगळे होण्याचे काम सामान बांधण्यापासून सुरू होत नाही, कागदापासून सुरू होते.

पहिल्या महिन्यात किती पैसे लागतात?

एक नमुना हिशेब करू. आकडे समजून घेण्यासाठी आहेत, आपापल्या गावाप्रमाणे ते बदलून घ्यावेत. समजा, नवरा-बायको आणि एक लहान मूल आहे. गावातच २,५०० रुपये भाड्याची एक खोली पाहिली आहे.

• दोन महिन्यांची अनामत: ५,००० रुपये
• पहिल्या महिन्याचे भाडे: २,५०० रुपये
• टेम्पोचे भाडे: १,००० रुपये
• गॅसजोडणीची अनामत, भरलेली टाकी आणि शेगडी: सुमारे ५,००० रुपये
• भांडी, पाण्याचा ड्रम, अंथरूण-पांघरूण: ४,००० रुपये
• महिन्याचा किराणा: ४,००० रुपये

बेरीज झाली २१,५०० रुपये. यात आजारपण नाही, खाडा नाही, मुलाची वह्या-पुस्तके नाहीत. म्हणून निदान एका महिन्याच्या खर्चाइतके, म्हणजे १०,००० रुपये बाजूला हवेत. एकूण ३१,५०० रुपये. महिन्याला २,००० रुपये मागे टाकले, तर ही रक्कम जमायला सोळा महिने लागतात.

सोळा महिने वाट पाहणे अवघड वाटते. मग अनेक जण सोपा मार्ग धरतात: घरपोच मिळणारे सूक्ष्मकर्ज. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार वार्षिक ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला असे विनातारण कर्ज मिळते आणि सर्व कर्जांचे मासिक हप्ते उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त असू नयेत, अशी अट आहे. ही अट कर्ज देणाऱ्यासाठी आहे. घर चालवणाऱ्याने ती आपली मर्यादा समजू नये. निम्मे उत्पन्न हप्त्यात आणि चौथा हिस्सा भाड्यात गेला, तर खायला उरते काय? नव्या घराचा पहिला महिना कर्जावर सुरू करणे हा सर्वांत महागडा मार्ग आहे. अगदीच गरज पडली, तर बचत गटातून घेतलेले अंतर्गत कर्ज त्यापेक्षा बरे. व्याज गटातच राहते आणि हप्त्याची अडचण ओळखीच्या बायकांपुढे मांडता येते.

भाडे किती परवडते?

‘उत्पन्नाच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत भाडे चालते’ असे शहरात सांगतात. ते ठरावीक पगारवाल्यांसाठी. कांद्याच्या कामावरचे उत्पन्न तसे नसते. खरीप, रांगडा आणि उन्हाळी अशा तीन हंगामांत आवक कमी-जास्त होते, तसे कामही कमी-जास्त होते. भाडे मात्र बाराही महिने तेवढेच.

समजा, भर हंगामात दोघांचे मिळून १६,००० रुपये येतात आणि मंदीत १०,०००. मग २,५०० रुपयांचे भाडे हंगामात साधारण सहावा हिस्सा होते, मंदीत थेट चौथा. म्हणून भाडे ठरवताना चांगला महिना नव्हे, वाईट महिना धरावा. वर्षातल्या सर्वांत मंद महिन्याच्या कमाईच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त भाडे घेऊ नये.

विजेचे आधी विचारून घ्यावे. महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या १०० युनिटना दर कमी असतो, पुढे तो वाढत जातो. एकाच मीटरवर चार खोल्या चालत असतील, तर सगळ्यांचा वापर एकत्र होऊन वरचा दर लागतो. ‘युनिटला किती घेणार?’ हा प्रश्न भाडे ठरवतानाच विचारावा.

शिधापत्रिका वेगळी कशी करायची?

सर्वांत आधी हेच काम करावे. पुढचे बहुतेक कागद याच कागदाच्या आधारे होतात. जुन्या कार्डातून नावे कमी करणे आणि नव्या विभक्त कार्डासाठी अर्ज करणे, अशी ही दोन कामे आहेत. अर्ज तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत, सेवा केंद्रातून किंवा ऑनलाइन करता येतो. घोडेगावकरांसाठी तहसील नेवाशाला. कुटुंबप्रमुख म्हणून सहसा घरातील १८ वर्षांवरील महिलेचे नाव लागते. अन्नसुरक्षा कायद्याचीच तशी तरतूद आहे.

धान्य कमी होईल, या भीतीने अनेक घरांत आई-वडील नावे कमी करू देत नाहीत. इथे नियम नीट समजून घ्यावा. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य मिळते. दहा माणसांचे एक कार्ड असो की पाच-पाच माणसांची दोन, एकूण धान्य तेवढेच. अंत्योदय कार्डावर मात्र माणसे कितीही असली तरी कार्डामागे ३५ किलो मिळतात. मुलगा वेगळा झाला तरी आई-वडिलांचे ३५ किलो तसेच राहतात, पण मुलाच्या नव्या कार्डाला अंत्योदयचा लाभ आपोआप मिळत नाही.

खरा धोका वेगळाच आहे. राज्यात अन्नसुरक्षा योजनेतील लाभार्थ्यांचा इष्टांक २०११ च्या जनगणनेवर ठरलेला आहे, सुमारे ७ कोटी. शिवाय ग्रामीण भागात वार्षिक ४४,००० आणि शहरी भागात ५९,००० रुपये ही उत्पन्नमर्यादा आहे. त्यामुळे नवे कार्ड केशरी मिळाले तरी त्यावर धान्य लगेच सुरू होईलच, असे नाही. जुन्या कार्डातून नाव कमी करण्याआधी पुरवठा शाखेत एकच प्रश्न विचारावा: ‘आमचा धान्याचा लाभ नव्या कार्डावर वर्ग होणार का?’ अर्जाची पोच घ्यावी. राज्यात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत न मिळाल्यास त्याखाली अपील करता येते.

पहिला खर्च कमी करण्याचे मार्ग कोणते?

दोन मार्ग आहेत. पहिला उज्ज्वला योजनेचा. ज्या कुटुंबात गॅसजोडणी नाही, अशा गरीब कुटुंबातील प्रौढ महिलेला अनामत न भरता जोडणी मिळते. पण कुटुंब ठरते शिधापत्रिकेवरून. एकत्र कार्डावर सासूच्या नावाने जोडणी असेल, तर सुनेला ती मिळत नाही. कार्ड वेगळे असेल, तर अर्ज करता येतो. कामासाठी स्थलांतर केलेल्यांना मात्र पत्ता आणि कुटुंबाबाबत स्वयंघोषणापत्र देऊन अर्ज करण्याची सोय आहे.

दुसरा मार्ग बांधकाम कामगारांसाठीचा. वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या १८ ते ६० वयोगटातील कामगाराला राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करता येते. नोंदीत कामगारांसाठी मंडळाची गृहोपयोगी वस्तूंच्या संचाची योजना आहे. गवंडी, सेंटरिंगवाले, बिगारी काम करणारे अनेक जण नोंदणीच करत नाहीत आणि नवा संसार उधारीच्या भांड्यांवर मांडतात.

हे दोन्ही लाभ मिळाले, तर वरच्या हिशेबातील ३१,५०० रुपयांचे सुमारे २२,५०० होतात. सोळा महिन्यांची वाट अकरा-बारा महिन्यांवर येते.

घर सोडले तर हिस्सा जातो का?

नाही. वडिलोपार्जित मालमत्तेतील हिस्सा वेगळे राहिल्याने जात नाही. हिंदू वारसा कायदा लागू असलेल्या कुटुंबांत २००५ च्या दुरुस्तीने मुलींनाही मुलांइतकाच हक्क मिळाला आहे. २००५ मध्ये वडील हयात असणे त्यासाठी आवश्यक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले. वडिलांनी स्वतः कमावलेल्या मालमत्तेवर मात्र त्यांच्या हयातीत मुलांचा हक्क नसतो.

हिस्सा जातो तो सहीने. ‘तू वेगळा निघालास, आता इथे सही कर’ असे म्हणून पुढे ठेवलेला कागद हक्कसोडपत्र असू शकतो. रागाच्या भरात किंवा अनामतीच्या पाच-दहा हजारांच्या बदल्यात अशी सही करू नये. कागद घरी आणावा, वाचून घ्यावा, जाणकाराला दाखवावा.

वाटणी सर्वांच्या संमतीने होत असेल, तर शेतीसाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ नुसार तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. एक अट लक्षात ठेवावी. तुकडेबंदी कायद्यामुळे प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडे पाडता येत नाहीत. २०२३ मध्ये बहुतेक जिल्ह्यांसाठी हे क्षेत्र बागायतीला १० गुंठे आणि जिरायतीला २० गुंठे ठरले. गावठाणातील घराबाबतही एक गैरसमज असतो. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे, तो मालकीचा अंतिम पुरावा नाही. स्वामित्व योजनेत गावठाणाची ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका दिल्या जातात. आपल्या घराची पत्रिका झाली असेल, तर तिच्यावर कोणाकोणाची नावे लागली आहेत, हे घर सोडण्याआधी पाहून ठेवावे.

घरकुल मिळेल का?

भाडे हा तात्पुरता मार्ग झाला. कमी उत्पन्नाच्या कुटुंबाला स्वतःचे छप्पर मिळण्याची खरी शक्यता घरकुलात आहे. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) मध्ये सपाट भागात १,२०,००० रुपये मिळतात. त्याशिवाय रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी आणि शौचालयासाठी १२,००० रुपये. २०२५-२६ च्या ३१२ रुपये दराने ही मजुरी २८,०८० रुपये होते. म्हणजे सुमारे १ लाख ६० हजार. योजनेच्या दुसऱ्या टप्प्यासाठी राज्याने २०२५ मध्ये ५०,००० रुपयांची वाढ जाहीर केली. त्यातले १५,००० सौर यंत्रणेसाठी आहेत. अनुसूचित जातींसाठी रमाई, आदिवासींसाठी शबरी आणि इतर मागासवर्गीयांसाठी मोदी आवास या राज्याच्या योजना वेगळ्या आहेत.

इथे पुन्हा ‘कुटुंब’ आडवे येते. घरातील एकाचेही मासिक उत्पन्न १५,००० रुपयांपेक्षा जास्त असेल, अडीच एकर बागायती किंवा पाच एकर जिरायती जमीन असेल, तर ते कुटुंब अपात्र ठरते. पक्क्या घरात राहणारी कुटुंबेही यादीबाहेर जातात. तीन भावांची मिळून सहा एकर जिरायती जमीन असेल, तर वाट्याला दोनच एकर येते. पण वाटणीची नोंद नसेल, तर पडताळणीत पेच होऊ शकतो. म्हणून खरोखर वेगळे राहत असाल, तर सर्वेक्षणात आपले कुटुंब स्वतंत्र नोंदले गेले आहे का, हे ग्रामसेवकांकडे विचारावे आणि ग्रामसभेत यादी वाचली जाते तेव्हा हजर राहावे. लाभासाठी कागदोपत्रीच वेगळे होणे मात्र टाळावे. ते पडताळणीत उघड झाले, तर खरे वेगळे होतानाही अडचण येते.

जागा नसेल तर? घरकुल मंजूर झालेल्या भूमिहीन लाभार्थ्याला जागा घेण्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजनेतून १ लाख रुपयांपर्यंत मदत मिळते. वडिलांच्या नावावरील जागेत बांधायचे असेल, तर त्यांची संमती तोंडी ठेवू नये, कागदावर घ्यावी. भाऊ-बहिणींचा हिस्सा असेल, तर त्यांचीही.

‘स्टॅम्पवर एक गुंठा’ घ्यावा का?

महामार्गालगतच्या गावांत हा मोह मोठा असतो. ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर नोटरी करून गुंठाभर जागा दिली जाते. पण १०० रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीशिवाय होत नाही. नोटरीचा कागद म्हणजे खरेदीखत नव्हे. त्यावर सातबाराला नाव लागत नाही, कर्जही मिळत नाही. शासनाने २०२५ मध्ये निवासी क्षेत्रांतील जुन्या तुकड्यांच्या व्यवहारांना दिलासा देण्याचे पाऊल उचलले. त्याचा अर्थ आज नोटरीवर गुंठा घ्यावा, असा होत नाही. आयुष्यभराची बचत नोटरीच्या कागदावर ठेवू नये.

नगरला किंवा पुण्याला जायचे असेल तर?

आधी जाण्या-येण्याचा खर्च आणि भाडे यांची तुलना करावी. घोडेगाव ते अहिल्यानगर अंतर सुमारे ३५ किलोमीटर. एसटीत मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे भाडे आहे आणि रोज जाणाऱ्यासाठी मासिक पासची सोय आहे. शहरातील खोलीचे भाडे पासापेक्षा बरेच जास्त असेल, तर पहिले सहा महिने गावात खोली घेऊन ये-जा करणे स्वस्त पडते.

शहरातच राहायचे असेल, तर भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. नोंदणी शुल्क शहरी भागात १,००० रुपये, ग्रामीण भागात ५००. गावात निदान साध्या कागदावर भाडे, अनामत आणि तारीख लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. भाडे शक्यतो मोबाइलवरून द्यावे, म्हणजे नोंद राहते.

रेशनसाठी दरमहा गावी येण्याची गरज नाही. ‘एक देश, एक रेशन कार्ड’ योजनेमुळे अन्नसुरक्षा कार्डावरचे धान्य देशातील कोणत्याही रास्तभाव दुकानात अंगठा लावून घेता येते. मुलाचा दाखला हातात नाही म्हणून नव्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, हे शिक्षण हक्क कायद्यात लिहिलेले आहे.

सून आणि सासू-सासरे, दोघांचेही हक्क

घरातून ‘निघा’ म्हटले जाते तेव्हा पहिला फटका सुनेला बसतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार नात्याने एकत्र राहत असलेल्या घरात राहण्याचा तिला हक्क आहे, घर तिच्या नावावर नसले तरी. कायदेशीर प्रक्रियेशिवाय तिला बाहेर काढता येत नाही. मारहाण किंवा धमकी असेल, तर हिशेब पूर्ण होण्याची वाट पाहू नये. १८१ ही महिला हेल्पलाइन आणि ११२ हा आपत्कालीन क्रमांक त्यासाठीच आहे.

दुसरी बाजू आई-वडिलांची. मुलगा वेगळा झाला म्हणून त्याची जबाबदारी संपत नाही. २००७ च्या कायद्यानुसार स्वतःचा निर्वाह करू न शकणारे आई-वडील प्रांताधिकाऱ्यांपुढील न्यायाधिकरणात दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाह खर्च मागू शकतात. तिथपर्यंत वेळ येऊ नये असे वाटत असेल, तर निघण्याआधीच बसून ठरवावे: दवाखान्याचा खर्च कोण करणार, महिन्याला किती पैसे घरी द्यायचे, सणाला कुठे जेवायचे. रक्कम लहान असली तरी चालेल, ती ठरलेली हवी. ३१,५०० रुपयांच्या हिशेबात ही ओळ सुरुवातीपासूनच धरावी.

कोणते काम आधी, कोणते नंतर?

१. वर्षातला सर्वांत मंद महिना धरून भाडे ठरवा.
२. बँकेत किंवा पोस्टात वेगळे खाते उघडून बचत सुरू करा.
३. सातबारा, ८-अ, घराचा उतारा आणि मिळकत पत्रिका यांच्या प्रती काढून ठेवा.
४. पुरवठा शाखेत धान्याच्या लाभाची चौकशी करून मगच विभक्त शिधापत्रिकेचा अर्ज द्या.
५. नवे कार्ड आल्यावर उज्ज्वला जोडणीसाठी अर्ज करा. बांधकाम कामगार असाल, तर नोंदणी आधीच करून घ्या.
६. आई-वडिलांशी पैशाचे आणि औषधपाण्याचे बोलून घ्या.
७. भाड्याचा कागद करा, मग टेम्पो बोलवा.
८. घरकुलाच्या यादीकडे लक्ष ठेवा, ग्रामसभा चुकवू नका.

यादीत टेम्पो सातव्या क्रमांकावर आहे. बहुतेक घरांत तो पहिल्या क्रमांकावर येतो, कारण निर्णय भांडणाच्या दिवशी होतो. भांडण झाले म्हणून निघालेले अनेक जण दोन-चार महिन्यांत पुन्हा त्याच दारात येतात, ते भाडे थकल्यामुळे. अकरा-बारा महिने थांबून, कागद करून आणि सांगून निघालेल्याला परत यावे लागते ते दिवाळीला, मुलांना आजी-आजोबांकडे घेऊन.